ऑफिसातल्या छोट्या नेटवर्कमधला स्टॅटिक आयपीचा घोळ: शोधायचा कसा, निस्तरायचा कसा

काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा प्रिंटर आज सकाळी ‘ऑफलाइन’ दाखवतो. हजेरीचं मशीन संगणकाला सापडत नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर उघडत नाही. इंटरनेट मात्र चालू असतं, त्यामुळे इंटरनेटवाल्याला फोन केला की तो म्हणतो, ‘लाइन ओके आहे.’ त्याचं म्हणणं खरंच असतं. बिघाड त्याच्या लाइनमध्ये नसतो, तुमच्या चार भिंतींच्या आत असतो.

बेळगावच्या उद्यमबागेतली मशीन शॉप, शहापूर-वडगावच्या यंत्रमाग मालकांची ऑफिसं, खानापूर-निपाणीच्या पतसंस्था, गावातल्या शाळेची संगणक खोली अशा ठिकाणांची नेटवर्कं मी सांभाळतो. पाच ते पंचवीस यंत्रं, एक राउटर, एक-दोन स्विच (अनेक केबल एकत्र जोडायचे डबे), एवढाच पसारा. वेगळा माणूस नेमण्याइतकं काम नसतं, म्हणून हे काम हमखास ऑफिसातल्या सगळ्यात तरुण कारकुनाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

वाचण्याआधी एक सूचना. इथं मी आदेश उच्चाराप्रमाणे आणि आकडे मराठीत लिहिले आहेत. संगणकावर दोन्ही इंग्रजीतच टाइप करायचे.

१. तुम्हाला कुठला स्टॅटिक आयपी हवाय, ते आधी ठरवा

आयपी म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यात लोकांचे पैसे जातात. एक म्हणजे इंटरनेट कंपनीकडून विकत घ्यायचा सार्वजनिक पत्ता. बाहेरून, म्हणजे दुसऱ्या गावातून, तुमच्या सर्व्हरला थेट जोडायचं असेल तरच तो लागतो. दुसरा म्हणजे ऑफिसच्या आतला पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. तो तुम्ही स्वतः ठरवता आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आतल्या वापरासाठी तीन मालिका १९९६ पासून राखून ठेवलेल्या आहेत: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. तुमच्या यंत्राचा पत्ता यांतला असेल तर तो आतलाच. प्रिंटर दिसत नाही म्हणून इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेऊ नका, काही उपयोग होणार नाही. कॅमेरे मोबाइलवर पाहायला बहुतेक डीव्हीआरचं स्वतःचं ॲप असतं, त्यालाही तो लागत नाही. राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला, तर कंपनीने एक सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. तो बाहेरून गाठता येत नाही एवढंच. आतल्या नेटवर्कचं त्याने काही बिघडत नाही.

पुढे सगळं आतल्या पत्त्यांबद्दलच आहे.

२. हाताशी काय हवं

- लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची खोबण) असलेला एक लॅपटॉप
- चालते याची खात्री असलेली एक छोटी केबल (ती कुणाला उसनी देऊ नका)
- राउटरचं लॉगिन आणि पासवर्ड. मूळ पासवर्ड बऱ्याचदा राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो
- प्रिंटरमधून काढलेलं नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान. प्रिंटरच्या मेनूत त्याचा पर्याय असतो
- नेटवर्कवरची यंत्रं दाखवणारं ‘फिंग’सारखं मोबाइल ॲप
- वही आणि पेन

राउटरचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल तर लगेच रीसेट करू नका. रीसेट केल्यावर इंटरनेटचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं आणि आतला बिघाड शोधता शोधता बाहेरची लाइनही बंद पडते. आधी इंटरनेटवाल्याकडून ती माहिती लिहून घ्या.

३. वायर आणि दिवे

यंत्राच्या लॅन पोर्टजवळचा दिवा लागलाय का? स्विचवर त्याच केबलचा दिवा लागलाय का? नसेल तर खात्रीची केबल लावून बघा. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे. कारखान्याच्या मागच्या शेडपर्यंत ओढलेली केबल तिच्या पलीकडे गेलेली असते तेव्हा जोडणी येते-जाते. सगळं नेटवर्क एकाच वेळी गुदमरलं असेल तर एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कुणी खोचली आहेत का ते पाहा. झाडू मारताना निघालेलं टोक कुणीतरी रिकामं पोर्ट दिसलं म्हणून लावून टाकतं.

४. आपल्या संगणकाचा पत्ता वाचायला शिका

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, सी-एम-डी टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे ‘आयपीकॉन्फिग’, मग स्पेस, मग तिरकी रेघ आणि ‘ऑल’. बरीच माहिती येईल. तुम्हाला पाचच ओळी हव्यात: आयपीव्ही४ ॲड्रेस (संगणकाचा पत्ता), सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठपर्यंत ते सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार), डीएनएस सर्व्हर्स (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे) आणि डीएचसीपी एनेबल्ड (राउटरने आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीला डीएचसीपी म्हणतात).

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. केबल, स्विच किंवा राउटर यांपैकी एक बंद आहे, किंवा तुम्ही हाताने भरलेला पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे.

ऑफिसातले बाकीचे १९२.१६८.१ मध्ये आणि हा एकटा १९२.१६८.० मध्ये, असं असेल तर पायरी ७ वर जा. आपल्या भागात मी सगळ्यात जास्त हेच पाहतो.

आतला प्रिंटर चालतो पण इंटरनेट नाही, तर गेटवे तपासा. तो राउटरचाच पत्ता हवा. गेटवे बरोबर असून वेबसाइट उघडत नाहीत, तर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे काळ्या खिडकीत ‘पिंग’, स्पेस आणि तो पत्ता लिहून हाक मारा. उत्तर आलं म्हणजे डीएनएसची चौकट रिकामी किंवा चुकीची आहे. हाताने पत्ता भरणारे निम्मे लोक डीएनएस भरायचं विसरतात.

सबनेट मास्क छोट्या ऑफिसात २५५.२५५.२५५.० असतो. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये तिथे ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ विचारतात. त्या चौकटीत फक्त २४ लिहायचं. २५५ वाली रांग लिहिली की ‘कान्ट सेव्ह’ म्हणतं, पण कारण सांगत नाही. त्यापेक्षा विंडोज-आर दाबून एन-सी-पी-ए-डॉट-सी-पी-एल टाइप करा, जोडणीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. हा जुना रस्ता सरळ आहे.

५. पिंग, आणि पिंगच्या पुढचं

न सापडणाऱ्या यंत्राला पिंग करा. ‘रिप्लाय’ आला तर रस्ता मोकळा आहे. दोष सॉफ्टवेअरमध्ये, नाहीतर त्या पत्त्यावर भलतंच यंत्र बसलंय.

रिप्लाय आला नाही तर शब्द नीट वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि तेही तुमच्याच संगणकाच्या पत्त्याकडून, म्हणजे त्या पत्त्याचं कुणीच नेटवर्कवर सापडलं नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे यंत्र असूही शकतं, फक्त उत्तर देत नसेल. विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणारा पहारेकरी, पिंगला गप्प बसवू शकतो. ‘पिंग येईना, म्हणजे संगणक बंद’ असं एवढ्यावरून ठरवू नका.

खात्री करायला पिंगनंतर लगेच ए-आर-पी, स्पेस, वजा चिन्ह आणि ए असं टाइप करा. पत्त्यांची यादी येईल आणि प्रत्येकासमोर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख. तुम्ही शोधत असलेल्या पत्त्यासमोर मॅक आला, तर यंत्र जिवंत आहे आणि फायरवॉल आड येतोय. मॅक आला नाही, तर पुन्हा वायरीकडे वळा.

आता उद्यमबागेतल्या मंडळींसाठी खास. काही सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांचे कंट्रोलर आणि जुनी हजेरी मशीनं पत्ता १९२.१६८.००१.०५० असा तीन-तीन आकड्यांत दाखवतात. तो तसाच पिंगला दिला तर विंडोज सुरुवातीच्या शून्यामुळे ०५० हा आकडा अष्टमान पद्धतीने वाचतं आणि त्याचे ४० करतं. पिंग जातो १९२.१६८.१.४० ला. तिथे दुसरं काही असेल तर रिप्लायही येतो, आणि मशीन जोडलंय असं समजून माणूस दिवसभर प्रोग्राम पाठवत बसतो. पुढची शून्यं काढून १९२.१६८.१.५० असंच लिहा, आणि पिंगच्या पहिल्या ओळीत तोच पत्ता छापलाय का ते बघा.

६. एकच पत्ता दोघांकडे

विंडोज ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ असा निरोप देतं, किंवा आयपीकॉन्फिगमध्ये पत्त्यासमोर ‘डुप्लिकेट’ लिहिलेलं येतं. प्रिंटर आणि हजेरी मशीन असलं काही सांगत नाहीत. ती कधी चालतात, कधी नाही.

हे घडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. एखाद्या पतसंस्थेत प्रिंटरला हाताने १९२.१६८.१.२० दिलेला आहे. संध्याकाळी प्रिंटर बंद करून सगळे घरी गेले. सकाळी शिपाई लवकर आला, त्याच्या मोबाइलने वाय-फाय पकडलं. राउटरने आपली यादी पाहिली. त्याच्या लेखी .२० मोकळा, कारण प्रिंटरला तो पत्ता राउटरने दिलेलाच नव्हता. बरेच राउटर पत्ता देण्याआधी हाक मारून बघतात, पण बंद प्रिंटर ओ कशी देणार? मोबाइलला .२० मिळाला. दहाला कॅशियर मॅडमनी प्रिंटर चालू केला आणि फोन आला: ‘दादा, पावती निघेना बघा.’ दुपारी शिपाई बाहेर गेला की प्रिंटर आपोआप सुरू, तो परत आला की पुन्हा बंद. वारंवार लाईट जाते त्या दिवसांत हे जास्त होतं, कारण बरेच छोटे राउटर बंद पडून सुरू झाले की कुणाला काय दिलं ते विसरतात.

शोधायचं असं: प्रिंटरची केबल काढा आणि त्याच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर येतंय? मग त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी आहे. ए-आर-पीने त्याचा मॅक बघा. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा मोबाइल आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन असा स्वतःच बनवलेला मॅक वापरतात. नाहीतर पहिली सहा अक्षरं यंत्र बनवणाऱ्या कंपनीची असतात, त्यांवरून कंपनी ओळखता येते. प्रिंटर परत जोडून ‘आता चालतोय’ म्हणून सोडून देऊ नका, उद्या तेच होईल.

कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून लॉगिन करा, लॅन किंवा डीएचसीपीचं पान उघडा. राउटर कुठपासून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते तिथे असतं. ते १०० ते १९९ करा. २ ते ९९ हे तुमचे, हाताने द्यायचे. शेतात दोन वाट्यांमध्ये बांध असतो तसा हा बांध समजा. एकदा घातला की अलीकडचा पलीकडे येत नाही. नंतर राउटर बंद-चालू करा आणि सगळ्या मोबाइलचं वाय-फाय एकदा बंद करून सुरू करा. नाहीतर जुना पत्ता मुदत संपेपर्यंत मोबाइल सोडत नाही.

राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ही असतं; मॅक लिहून ठेवला की राउटर त्या यंत्राला नेहमी तोच पत्ता देतो. पुस्तकी सल्ला हाच मिळेल. माझं मत आपल्याकडच्या परिस्थितीपुरतं वेगळं आहे. राउटर इंटरनेटवाल्याचा असतो, तो कधी बदलून जाईल सांगता येत नाही, आणि त्याच्याबरोबर सगळी रिझर्व्हेशनं जातात. म्हणून प्रिंटर, हजेरी मशीन, डीव्हीआर आणि टॅलीचा मुख्य संगणक यांना यंत्रातच स्टॅटिक पत्ता द्या, बांधाच्या अलीकडचा. बाकीचे संगणक आणि मोबाइल राउटरवर सोडा. सगळ्यांनाच स्टॅटिक देऊ नका, गरज नसते आणि घोळ वाढतो.

७. राउटर बदलला आणि सगळं बसलं

वळवाच्या पावसात वीज चमकली, राउटर जळाला, माणूस येऊन नवा लावून गेला. इंटरनेट सुरू झालं म्हणून तो गेला. पण जुना राउटर १९२.१६८.१.१ होता आणि नवा १९२.१६८.०.१ आहे. संगणकांनी नवी मालिका घेतली, स्टॅटिक यंत्रं जुन्या मालिकेत राहिली. एकाच स्विचवर असूनही ती आता एकमेकांना दिसत नाहीत.

लोक मग एकेका प्रिंटरचा, मशीनचा, डीव्हीआरचा पत्ता बदलत बसतात. तसं करू नका. एकट्या राउटरचा पत्ता बदला. नव्या राउटरच्या लॅन पानावर जाऊन त्याला १९२.१६८.१.१ द्या, डीएचसीपीची हद्द १०० ते १९९ करा. राउटर पुन्हा सुरू होईल, लॅपटॉपची केबल काढून लावा आणि नव्या पत्त्यावर लॉगिन करा. स्टॅटिक यंत्रांना हातही लावावा लागत नाही.

बसवायला आलेला माणूस जायच्या आधीच हे करून घेणं उत्तम, कारण काही राउटरचं लॉगिन ते लोक देत नाहीत. आपल्याकडे येणारे तंत्रज्ञ बहुतेक कन्नड बोलणारे असतात. भाषेची अडचण येऊ नये म्हणून एका कागदावर ‘लॅन आयपी’ आणि ‘डीएचसीपी’ हे शब्द इंग्रजीत आणि त्यांसमोर आकडे लिहून तो कागदच हातात द्या. आकडेही इंग्रजीच हवेत. घाईत लिहिलेला मराठी १ दुसऱ्याला इंग्रजी ९ वाटतो आणि मराठी ५ चा इंग्रजी ४ होतो. पत्त्यात असा एक आकडा चुकला तरी यंत्र सापडत नाही.

याचाच भाऊ म्हणजे दुसरा राउटर. मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून लावतात. आता पत्ते वाटणारे दोघे झाले. ओळखायची खूण अशी: दोन संगणकांचे गेटवे वेगवेगळे दिसतात. उपाय क्रमाने करा. लॅपटॉप फक्त त्या जुन्या राउटरला जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, मग त्याचा डीएचसीपी बंद करा. शेवटी मुख्य राउटरकडून येणारी केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि लॉगिनच होणार नाही.

८. यंत्रागणिक खोडी

प्रिंटर: प्रिंटरचा पत्ता बदलला तरी विंडोजमधला पोर्ट (इथे खोबण नाही, तर प्रिंटरकडे जायच्या रस्त्याची विंडोजमधली नोंद) जुन्याच पत्त्याचा राहतो. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट’ नव्या पत्त्याने जोडा. ‘डब्ल्यूएसडी’ लिहिलेला पोर्ट निवडू नका. पिंग येतो, वेब पान उघडतं आणि तरीही विंडोज ‘ऑफलाइन’ म्हणतं, तर त्याच पोर्टच्या कॉन्फिगरमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा.

हजेरी मशीन: बऱ्याच मशीनचा कारखान्यातून आलेला पत्ता १९२.१६८.१.२०१ आणि पोर्ट (इथे सॉफ्टवेअरने वापरायचा दार-क्रमांक) ४३७० असतो. दोन मशीनं घेतलीत आणि दोन्ही तशीच लावलीत तर भांडण ठरलेलं. सॉफ्टवेअरमध्येही पत्ता वेगळा भरावा लागतो.

डीव्हीआर: कित्येकांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१०८ असतो, म्हणजे राउटरच्या वाटपाच्या हद्दीत. तो अलीकडे आणा.

टॅली: लायसन असलेल्या संगणकाचा पत्ता आणि ९९९९ हा पोर्ट बाकीच्या संगणकांत लिहिलेला असतो. मुख्य संगणकाचा पत्ता बदलला की सगळे एकदम अडतात.

जळालेलं लॅन कार्ड: विजेने पोर्ट गेला, नवं कार्ड टाकलं, जुनाच पत्ता भरला, तर विंडोज म्हणतं की हा पत्ता दुसऱ्या ॲडॉप्टरकडे आहे. तो दुसरा म्हणजे काढून टाकलेलं कार्डच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून पुसट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा.

पिंग येतो पण फोल्डर शेअर होत नाही: विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय का बघा, ‘प्रायव्हेट’ करा. आणि गेस्ट वाय-फायवरून प्रिंटर सहसा दिसत नाही, तो दिसू नये म्हणूनच ते असतं.

९. पत्त्यांची वही

राउटर १, मागचा वाय-फाय २, मुख्य संगणक ५, प्रिंटर ११ ते १९, हजेरी मशीन २१ पासून, डीव्हीआर ३१ पासून, सीएनसी ४१ पासून, १०० ते १९९ राउटरचे. ही माझी वाटणी, तुम्ही तुमची ठरवा. प्रत्येक ओळीत यंत्राचं नाव, जागा, पत्ता, मॅक आणि बदलल्याची तारीख. तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून यंत्रालाही चिकटवा. पत्ता फक्त वहीत बघून द्यायचा, ‘हा मोकळा दिसतोय’ म्हणून नाही, कारण पिंगला उत्तर न देणारं यंत्र कदाचित फक्त बंद असेल. राउटरच्या मेनूत ‘बॅकअप’ असतो, त्याची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन वहीच्या कव्हरात ठेवा.

१०. बाहेरचा माणूस बोलवायची वेळ आली तर

‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. कुठल्या संगणकावरून कुठल्या पत्त्याला पिंग केला, उत्तर काय आलं, ए-आर-पीत मॅक दिसला का, कालपासून काय बदललं, हे सांगा आणि आयपीकॉन्फिगच्या खिडकीचा मोबाइलने फोटो काढून पाठवा. कितीतरी वेळा असा फोटो पाहून मी फोनवरच काम उरकतो. तो माणूस काम करून निघाला की त्याने बदललेला प्रत्येक पत्ता त्याच्यासमोरच वहीत उतरवा. आणि तपासणीसाठी लॅपटॉपला हाताने पत्ता दिला असेल, तर तो परत ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’वर करून मगच बॅगेत ठेवा.